बायकांच्या सुट्टीला कारण का लागतं?

एलिझाबेथ फॉन आर्निम यांची ‘द एन्चांटेड एप्रिल’ ही कादंबरी १९२२ साली आली. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती आवडीने वाचली जाते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माइक न्यूवेल यांनी तिच्यावर केलेला सिनेमाही अनेकांनी पाहिला असेल. कथा दोन वाक्यांत सांगता येते. लंडनमधल्या चार बायका, एकमेकींना जवळपास अनोळखी, इटलीच्या समुद्रकाठचा एक जुना किल्ला महिनाभर भाड्याने घेतात. एप्रिल संपेपर्यंत चौघीही बदललेल्या असतात.

या बदलाचा जो अर्थ नेहमी सांगितला जातो, तो असा: ऊन, फुलं आणि समुद्र यांनी त्यांची मनं निवळली, त्या पुन्हा प्रेम करायला शिकल्या, विस्कटलेले संसार सावरले. मला हा अर्थ अपुरा वाटतो आणि काहीसा धोक्याचाही. कारण त्यातून निघणारा सल्ला आज आपल्याकडेही सर्रास दिला जातो. बाईला अधूनमधून सुट्टी द्यावी, म्हणजे ती ताजीतवानी होऊन परत येते आणि घर पुन्हा नीट चालतं. म्हणजे सुट्टी तिची, आणि तिचा हिशोब घराच्या खात्यावर. माझं म्हणणं असं आहे की बाईचा मोकळा वेळ तिचा स्वतःचा आहे. त्यातून घराचं भलं होवो न होवो, तो तिला मिळाला पाहिजे. आणि ही कादंबरी नीट वाचली तर तीही बरीचशी याच बाजूने साक्ष देते.

सुरुवात होते फेब्रुवारीतल्या एका उदास, पावसाळी दुपारी, बायकांच्या एका क्लबात. हॅम्पस्टेडला राहणारी लॉटी विल्किन्स ही कुणाच्या नजरेत न भरणारी बाई ‘टाइम्स’मध्ये एक जाहिरात वाचते. विस्टेरियाची फुलं आणि ऊन यांची आवड असणाऱ्यांसाठी, भूमध्य समुद्राच्या काठचा एक छोटा मध्ययुगीन किल्ला, एप्रिल महिन्यापुरता भाड्याने देणे आहे. आवश्यक ते नोकर तिथेच राहतील. लॉटीचं मन आधी किल्ल्यावर जातं आणि लगेच पैशांवर येतं. तिला कपड्यांसाठी वर्षाला १०० पौंड मिळतात. त्यातूनच मन मारून तिने ९० पौंड साठवलेत. नवरा मेलर्श वकील आहे आणि काटकसरीचा मोठा पुरस्कर्ता. फक्त त्याच्या ताटापर्यंत आलेली काटकसर त्याला चालत नाही, तिला तो गलथान घरकाम म्हणतो. बायकोने पैसे साठवावेत, अडीअडचणीला उपयोगी पडतील, कदाचित दोघांनाही, असं त्याचं सांगणं.

किल्ल्याचं महिन्याचं भाडं ६० पौंड. क्लबात तीच जाहिरात वाचत बसलेल्या रोझ आर्बथनॉटला लॉटी कसंबसं तयार करते. दोघींना एवढं झेपणार नाही म्हणून त्याही वर्तमानपत्रात जाहिरात देतात आणि आणखी दोघी मिळतात. एक लेडी कॅरोलिन डेस्टर, इतकी देखणी की लोक तिला क्षणभर एकटी सोडत नाहीत. दुसरी पासष्ट वर्षांच्या मिसेस फिशर, ज्यांचं सारं जगणं लहानपणी पाहिलेल्या व्हिक्टोरियन थोरामोठ्यांच्या आठवणींत. वाटणी झाली, प्रत्येकीचे १५ पौंड.

या आकड्यांपाशी मला मुद्दाम थांबावंसं वाटतं. लॉटीचे ते ९० पौंड म्हणजे तिने न घेतलेले कपडे आहेत. वर्षानुवर्षं ती गबाळी दिसली, पार्ट्यांमध्ये लोकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, त्यातून हे पैसे उरले. म्हणजे या सुट्टीची किंमत तिने आधीच चुकती केलेली आहे. तरीही त्या पैशाला हात लावताना तिला आपण चोरी करतोय असं वाटतं. रोझचं तर विचारूच नका. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ६० पौंडांच्या बदल्यात गोरगरिबांना किती जोडी बूट घेता आले असते, याच्या न संपणाऱ्या रांगा तिच्या डोळ्यांपुढून सरकत राहतात. तिचा नवरा फ्रेडरिक राजेरजवाड्यांच्या रखेल्यांची चरित्रं लिहून भरपूर कमावतो. या पैशाची रोझला लाज वाटते म्हणून ती तो गरिबांवर खर्च करून टाकते. देव, नवरा, घर आणि कर्तव्य या चार खुंट्यांना तिने आपलं आयुष्य बांधून ठेवलेलं आहे. त्या चारांत ती स्वतः कुठेच नाही.

असा अपराधीपणा उपजत नसतो. बाईचा वेळ आणि पैसा हे आधीपासूनच दुसऱ्या कुणाचे तरी आहेत, ती फक्त ते सांभाळते, असं गृहीत धरलं की त्यातलं स्वतःसाठी घेतलेलं सगळंच चोरीसारखं वाटायला लागतं. म्हणून मग कारण द्यावं लागतं. लॉटी नवऱ्याला सरळ सांगत नाही की मी माझ्या पैशाने इटलीला चाललेय. आपल्याला तिकडचं बोलावणं आलंय, असं ती सांगते. आणि नेमकी तेव्हाच ईस्टरला बायकोला घेऊन इटलीला जायचं मेलर्शच्या मनात भरलेलं असतं. तो न्यायचा तेव्हा ती सहल. ती जाते तेव्हा आगळीक.

आपल्याकडे बायकांच्या घराबाहेर पडण्याला पूर्वापार अशी मान्य कारणं आहेत. देवदर्शन, बहिणीचं बाळंतपण, भाच्याचं लग्न, आईचं आजारपण. यातलं काहीही सांगितलं तर दार उघडतं. ‘मला चार दिवस काहीच करायचं नाहीये’ हे कारण मात्र अजूनही बहुतेक घरांत चालत नाही. नोकरी करणाऱ्या, स्वतः कमावणाऱ्या बाईच्याही घरात चालत नाही. ती कार्यालयातून रजा घेते ती मुलांच्या परीक्षेसाठी, सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी, गौरी-गणपतीसाठी.

कादंबरीतला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग फुलांचा नाही, समुद्राचाही नाही. पहिल्या सकाळी लॉटी तिच्या लहानशा खोलीत जागी होते आणि पडल्या पडल्या त्या खोलीचा आनंद घेत राहते. ही खोली महिनाभर तिची एकटीची आहे, तिने स्वतःच्या साठवणीतून मिळवलेली आहे, मनात आलं तर ती आतून कडी लावू शकते आणि आत येण्याचा हक्क दुसऱ्या कुणालाही नाही. त्यानंतर ती खिडकी उघडते आणि मग समुद्र, ऊन, डोंगर सगळं एकदम आत येतं. कडी आधी, समुद्र नंतर. व्हर्जिनिया वुल्फ यांनी बाईला लिहायचं असेल तर वर्षाचे ५०० पौंड आणि स्वतःची खोली हवी, असं लिहिलं ते १९२९ साली. त्याच्या सात वर्षं आधी फॉन आर्निम यांनी तीच गरज एका अशा बाईच्या तोंडी घातली जिला काहीही लिहायचं नव्हतं. मला हे फार मोलाचं वाटतं. प्रतिभावंत बाईला एकांत हवा हे जग कुरकुरत का होईना मान्य करतं. लॉटीकडे दाखवायला असलं काही नाही, तिला कडी हवी ती फक्त निवांत पडून राहण्यासाठी.

आता वादाच्या जागेकडे येते. किल्ल्यावर काही दिवस काढल्यावर लॉटी म्हणते की घरी असताना मी चिक्कूपणा करत होते, प्रेम मोजून मापून देत होते. मेलर्श जेवढं करील तेवढंच मी करीन, असा माझा हट्ट होता. न्यायाचं मला वेडच लागलं होतं, जणू न्यायाला काही महत्त्व आहे! आणि ती आपणहून पत्र लिहून मेलर्शला तिथे बोलावून घेते.

या ओळी वाचून अनेक स्त्रीवादी वाचक ही कादंबरी मिटून ठेवतात. त्यांचा राग मला समजतो. बाईने न्याय मागायचा सोडून द्यावा आणि प्रेम करत राहावं, हे तर आपल्याला शतकानुशतकं सांगण्यात आलंय. त्यासाठी इटलीपर्यंत जायची काय गरज? दुसऱ्या बाजूला, ज्यांना कादंबरी ‘गोड’ वाटते ते याच ओळी उचलून धरतात. दोन्ही वाचनांत एक गोष्ट निसटते असं मला वाटतं. लॉटी हे वाक्य कधी बोलते? आज जेवायला काय करायचं हा प्रश्न तिच्या डोक्यात नसताना. माशाचे पैसे किती झाले हे कुणी विचारणार नसताना. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या खोलीत पोटभर झोपून उठल्यावर. म्हणजे न्यायाचा बराचसा भाग तिला त्या महिन्यापुरता मिळून गेलेला आहे. पोट भरल्यावर माणूस भुकेचा विसर पडल्यासारखं बोलतो, तसं ते बोलणं आहे. ते खोटं नाही, पण उपाशी माणसाला ते उपदेश म्हणून ऐकवता येत नाही. हॅम्पस्टेडच्या घरात, मेलर्शच्या ताटातल्या माशाकडे लक्ष ठेवत असताना लॉटीला ही उदारता सुचली नव्हती, आणि ती सुचली नाही यात तिचा काही दोष नव्हता.

ही गोष्ट लेखिकेला कळत नव्हती असं कुणी म्हणू नये. त्यांचं आयुष्य पाहिलं तर त्या भाबड्या असणं शक्यच नव्हतं. १८६६ साली सिडनीत जन्म. पहिलं लग्न एका प्रशियन काउंटशी, पोमेरेनियातल्या त्याच्या जमीनदारीवर संसार. तिथल्या बागेवर लिहिलेलं पुस्तक १८९८ साली निनावी प्रसिद्ध झालं आणि प्रचंड खपलं; त्या पुस्तकात नवऱ्याचा उल्लेख ‘संतापी माणूस’ अशा अर्थाच्या टोपणनावाने येतो. काउंट वारल्यावर १९१६ साली त्यांनी दुसरं लग्न केलं ते बर्ट्रांड रसेल यांचे थोरले भाऊ फ्रँक रसेल यांच्याशी. ते लग्न इतकं जाचक निघालं की तीनेक वर्षांत त्या बाहेर पडल्या. त्या अनुभवातून लिहिलेली ‘व्हेरा’ १९२१ साली आली. त्यातला नवरा बायकोला घरातल्या वस्तूसारखं कुलपात ठेवू पाहतो, आणि त्याच्यात कणभरही बदल होत नाही. इटलीतल्या पोर्टोफिनोच्या कास्तेल्लो ब्राउन या जुन्या किल्ल्यात मुक्काम करून लिहिलेली ‘द एन्चांटेड एप्रिल’ त्याच्या पुढच्याच वर्षी. ही दोन पुस्तकं एकापाठोपाठ वाचली की चित्र पालटतं. वसंत ऋतूने नवरे सुधारत नाहीत हे ज्या बाईने एका वर्षी इतक्या कठोरपणे लिहिलं, तिनेच दुसऱ्या वर्षी एका वकिलाला विस्टेरियाखाली मवाळ केलं. मला त्यात पराभव दिसत नाही. जाचातून सुटलेल्या बाईने स्वतःला दिलेली ती रजा आहे, असं मी समजते.

तरीही कादंबरीचा उत्तरार्ध मला खटकतो, आणि तो झाकून ठेवायचा नाही. मेलर्श येतो त्यात बायकोच्या ओढीपेक्षा लेडी कॅरोलिनसारखं मोठ्या घराण्यातलं अशील मिळेल हा हिशोब अधिक असतो. फ्रेडरिक तर कॅरोलिनच्याच मागे येतो. आपली बायको तिथे आहे याचा त्याला पत्ताही नसतो. ती धावत येऊन त्याला बिलगते, आपल्या पत्राने तो आला असं समजते आणि त्या गैरसमजावर तिचा संसार पुन्हा उभा राहतो. लेखिका हे पाहते, हलकेच हसते आणि पुढे जाते. माझ्याने ते होत नाही. रोझला खरं कळायला हवं होतं. कॅरोलिनबद्दलही तेच. ज्याच्याशी ती लग्न करणार होती तो महायुद्धात मारला गेलेला. लोकांच्या हावरट नजरांपासून दूर, एकटीने बसून विचार करायला ती आलेली. शेवटी तिच्याही गळ्यात किल्ल्याचा तरुण मालक ब्रिग्ज घातला जातो. एका बाईला एक महिना कुणी प्रेमात न पडता राहू दिलं असतं तर कादंबरीचं काय बिघडलं असतं?

उरल्या मिसेस फिशर, आणि माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम आधार त्याच आहेत. बहुतेक वाचक त्यांच्याकडे विनोदी म्हातारी म्हणून पाहतात. आल्या आल्या त्या चांगली बैठकीची खोली स्वतःसाठी बळकावतात, काठी आपटतात, स्वयंपाकघराच्या बिलांवरून कपाळाला आठ्या घालतात. आणि मग हळूहळू त्यांना एक चमत्कारिक अस्वस्थता जाणवू लागते. आपल्या अंगाला अंकुर फुटणार की काय, या वयात, वठलेल्या लाकडाला पालवी फुटावी तसं, असं त्यांना वाटतं आणि त्या घाबरतात. या बाईचा नवरा वारलेला आहे. सावरायला संसार नाही, वाढवायला मुलं नाहीत. त्यांच्या ताज्यातवान्या होण्याने कुणाचंही घर नीट चालणार नाही. घराच्या हिशोबात त्यांची सुट्टी म्हणजे शुद्ध खर्च. कादंबरी मात्र त्यांना ती पालवी देते, शिवाय लॉटीच्या रूपाने माया देते. ज्यांना वाटतं की बाईच्या विश्रांतीचं समर्थन तिच्या उपयुक्ततेतून करता येईल, त्यांनी मिसेस फिशर यांचं काय करायचं ते सांगावं.

आपल्या देशातली परिस्थिती आकड्यांतून माहीत आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्या बिनपगारी कामाला हात लावणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात अशा कामाला हात लावणाऱ्यांचं प्रमाण बायकांत ८१ टक्क्यांहून जास्त, पुरुषांत जेमतेम २६ टक्के. कारखान्यात काम करणाऱ्याला १९४८ च्या कायद्याने, वर्षाचे २४० दिवस भरले की, दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळू लागली. त्याच वर्षीच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येकाचा हक्क म्हणून नोंदवला गेला. घरातल्या या कामाला मात्र रजेचा कोणताच नियम लागू होत नाही, कारण ते काम म्हणूनच मोजलं गेलेलं नाही.

महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. मला हा निर्णय दिसतो त्यापेक्षा मोठा वाटतो. गाड्यांची गर्दी वाढली तेव्हा ‘बायका आता विनाकारण फिरायला लागल्यात’ अशी कुरकुर अनेकांच्या तोंडून ऐकली. तिला माझं उत्तर आहे की फिरू द्या. विनाकारण फिरणं पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, पारावर बसून, टपरीवर उभं राहून, आणि त्याचा कुणी जमाखर्च मागितला नाही. तालुक्याच्या गावाला जाऊन बाजारातून उगाच एक चक्कर मारून आलेली बाई कुणाचं काही लुबाडत नाही.

महिलांसाठीच्या खास सहलीही मराठी घरांत आता रुळल्या आहेत. साठीतल्या बायका टोप्या घालून, गळ्यात कॅमेरे अडकवून निघतात, ते पाहून मला मनापासून आनंद होतो. पण त्या निघण्याआधीचे दिवस आठवा. फ्रीजमध्ये डब्यांवर डबे, औषधांच्या चिठ्ठ्या, गॅसचा नंबर, दूधवाल्याचा हिशोब. सात दिवस बाहेर राहायचं तर सात दिवसांचं काम आधी उरकून जायचं. ही रजा झाली नाही, कामाची आगाऊ भरपाई झाली. लॉटी असं काहीही करून गेली नव्हती, आणि मेलर्श उपाशी मेला नाही.

लॉटीची सुट्टी शक्य झाली त्यात त्या जाहिरातीतल्या शेवटच्या कलमाचा वाटा फार मोठा होता. नोकर तिथेच राहतील. कोस्तान्झा रांधते, फ्रांचेस्का वाढते, दोमेनिको बाग राखतो. लॉटीच्या पुनर्जन्माच्या महिन्यात कोस्तान्झाने एकही दिवस चूल विझवली नाही. कादंबरी तिच्याकडे प्रेमाने पाहते, पण तिच्या एप्रिलचा विचार करत नाही. बहिणाबाईंनी ‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते’ असं म्हटलं, त्यात हीच गोष्ट एका ओळीत आहे: एकीच्या विसाव्याखाली दुसरीचं राबणं असतं. माहेरी चार दिवस लोळायला मिळतं तेव्हा आई किंवा वहिनी चुलीपाशी असते. शहरात बाईला बाहेर पडता येतं ते बहुतेक वेळा दुसरी बाई भांडी घासते, पोळ्या लाटते म्हणून.

म्हणून सुट्टीचा हक्क मागायचा तर तो घरकाम करणाऱ्या बाईसाठीही त्याच दमात मागायला हवा. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला तेव्हा पगाराबरोबर रजेचाही प्रश्न त्यांनी लावून धरला होता. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी करार केला, त्यात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांतीची तरतूद आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. कायदा येईल तेव्हा येईल. चार मैत्रिणी आठ दिवस कुठे जायचं ठरवतात तेव्हा घर बंद राहणार, मग कामाच्या बाईचे तेवढ्या दिवसांचे पैसे कापायचे का, हा प्रश्न घरोघरी निघतो. ते कापू नयेत. आणि ते आठ दिवस आपल्या सोयीचे होते, तिची रजा म्हणून त्यांची मोजदाद करू नये. तिला वर्षातून तिच्या सोयीने निदान पंधरा दिवस पगारी रजा असावी. त्या दिवसांत ती गावाला गेली, जत्रेला गेली की घरात झोपून राहिली, हे तिला विचारू नये.